मावशींच्या रिपोर्टमधला पी५३ आणि आईंची टॅमॉक्सिफेनची गोळी

प्रश्न कागलच्या एका ताईंचा आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. त्यांच्या आईंना, वय ४६, स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, रिपोर्टमध्ये ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे रिसेप्टर) पॉझिटिव्ह, हर-टू (गाठ वाढवणारं आणखी एक प्रथिन) निगेटिव्ह आलं, आणि आता रोज टॅमॉक्सिफेनची, म्हणजे ईआर अडवणारी, गोळी चालू आहे. सख्ख्या मावशींना त्याआधी अंडाशयाचा कॅन्सर झाला होता, हाय-ग्रेड सिरस प्रकारचा. त्यांच्या रिपोर्टमध्ये 'पी५३ : म्युटंट पॅटर्न, सर्वत्र ठळक' अशी ओळ आहे. न्यूक्लिअर रिसेप्टर (संप्रेरकाचा निरोप घेणारी पेशीच्या आतली प्रथिनं) आणि पी५३ सारखी ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ अडवणारी, जनुकं कॅन्सरला रोखतात, असं ताईंच्या वाचनात आलं. मग आईंचा रिसेप्टर पॉझिटिव्ह असूनही कॅन्सर झाला कसा, आणि रोखणाऱ्या गोष्टीलाच डॉक्टर गोळी देऊन बंद का करतात? मावशींचं पी५३ एवढं ठळक आलं ते चांगलं की वाईट? 'पी५३ वाढवणाऱ्या' कॅप्सूल घ्याव्यात का? आणि ताईंनी व त्यांच्या भावाने स्वतःची तपासणी करून घ्यावी का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. कोल्हापुरात बसून दिवसभर स्लाइड वाचणं हा माझा धंदा. पेशंट मला क्वचितच भेटतात, त्यांच्या गाठी मात्र रोज भेटतात. त्यामुळे उत्तर मायक्रोस्कोपच्या बाजूने देतो. औषधाचा डोस आणि मुदत तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांनीच ठरवायची.

तुम्ही वाचलेलं वाक्य ट्यूमर सप्रेसर जनुकांबद्दल सरळ खरं आहे. न्यूक्लिअर रिसेप्टरबद्दल ते अर्धंच खरं आहे, आणि तुमचा सगळा गोंधळ त्या उरलेल्या अर्ध्यातून झालेला दिसतो.

मावशींच्या रिपोर्टपासून सुरू करतो. रिपोर्ट न्यायला आलेले एक काका मागे काउंटरवर खुशीत विचारत होते, "डॉक्टर, पी फिफ्टी थ्री शंभर टक्के आलंय म्हणं, म्हंजे ताकद चांगली हाय न्हवं?" पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं किंवा जास्त म्हणजे भक्कम, असं वाटणं साहजिक आहे. इथे नेमकं उलटं असतं.

गाठीचा तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घेतात, त्यावर पी५३ प्रथिनाला चिकटणारी अँटीबॉडी टाकतात आणि जिथे ती चिकटते तिथे तपकिरी रंग येतो. निरोगी ऊतीत हे चित्र विस्कळीत दिसतं. एखादं केंद्रक गडद, शेजारचं फिकट, त्यापुढची दोन कोरी निळी. असा मिसळलेला रंग दिसला की जनुक शाबूत असावं, असं आम्ही धरतो. मावशींच्या स्लाइडवर जवळजवळ प्रत्येक केंद्रक गडद तपकिरी आलं असणार. 'म्युटंट पॅटर्न' लिहितात ते त्यालाच. याचा आणखी एक प्रकार नवशिक्याला सहज चकवतो: गाठीच्या पेशींत रंगाचा ठिपकासुद्धा नाही, आणि मधल्या निरोगी पेशी मात्र नेहमीसारख्या रंगलेल्या. तिथे जनुक इतकं मोडलेलं असतं की प्रथिन तयारच होत नाही. म्हणजे सगळं गडद किंवा सगळं कोरं, दोन्ही बिघाडच.

मोडलेलं प्रथिन का साठतं, ते समजलं की पी५३ चं कामही समजतं. निरोगी पेशी हे प्रथिन सतत बनवते आणि एमडीएम-२ नावाचं दुसरं प्रथिन ते लगेच नष्ट करायला लावतं. वीसेक मिनिटांत निम्मं संपलेलं असतं. उन्हाने, धुराने किंवा विभागणीतल्या चुकीने डीएनए तुटला, की ही नासाडी थांबते आणि पी५३ वाढतं. ते डीएनएवर बसून इतर जनुकं चालू करतं. पी२१ चालू झालं की पेशीची विभागणी थांबते आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. दुरुस्ती जमण्यासारखी नसेल तर बॅक्स आणि प्यूमा चालू होतात आणि पेशी स्वतःला संपवते. पी५३ जी जनुकं चालू करतं त्यांत एमडीएम-२ हेही एक आहे, म्हणजे स्वतःचा नाश करणारं प्रथिन ते स्वतःच मागवतं. बिघडलेलं पी५३ डीएनएवर नीट बसू शकत नाही, एमडीएम-२ मागवलं जात नाही, आणि निकामी प्रथिन पेशीत साचत जातं. मावशींच्या स्लाइडवरचा गडद रंग हा असा साचलेला निकामी माल आहे. हाय-ग्रेड सिरस कॅन्सरमध्ये हे जवळजवळ प्रत्येक पेशंटमध्ये दिसतं. त्यामुळे ती ओळ वाचून वेगळं घाबरू नका. कॅन्सरचा प्रकार नक्की करायला तिचा उपयोग झाला, एवढंच. हा बिघाड त्यांच्या गाठीतला आहे. तो जन्मापासूनचा असण्याची शक्यता फार कमी.

याच घोळात शास्त्रज्ञही अडकले होते. पी५३ सापडलं १९७९ मध्ये, आणि पुढची दहा वर्षं ते कॅन्सर घडवणारं जनुक मानलं जात होतं. कारण प्रयोगात वापरल्या जाणाऱ्या त्याच्या प्रतीच बिघडलेल्या निघाल्या. १९८९ मध्ये ते कॅन्सर अडवणारं जनुक असल्याचं स्पष्ट झालं. माणसाच्या साधारण निम्म्या कॅन्सरांत ते बिघडलेलं असतं.

आता 'ट्यूमर सप्रेसर' या गटाबद्दल. अशा जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. गाडीला पुढचा आणि मागचा असे दोन ब्रेक असतात तसं समजा. एक गेला तरी गगनबावड्याहून करूळ घाट उतरता येतो. दुसराही गेला की संपलं. १९७१ मध्ये आल्फ्रेड नडसन यांनी डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर झालेल्या ४८ मुलांच्या नोंदी तपासल्या आणि हा हिशेब मांडला. ज्यांना जन्मतःच एक प्रत बिघडलेली मिळते त्यांना गाठी लवकर येतात, अनेकदा दोन्ही डोळ्यांत येतात, कारण आता एकच प्रत जायची बाकी असते. बाकीच्या मुलांत एकाच पेशीत दोन्ही प्रती जाव्या लागतात, म्हणून गाठ उशिरा आणि एकाच डोळ्यात. हे जनुक, आरबी, १९८६ मध्ये हाती लागलं. जाता जाता आई-बापांसाठी एक सांगतो: फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत बाळाच्या बाहुलीत लाल ऐवजी पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाला दाखवा.

हत्तींचं उदाहरण इथे द्यायला हवं. नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीवरून २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यात केवढं रान पेटलं होतं, ते सगळ्यांना आठवत असेल. त्या जनावराच्या अंगात पेशी माणसाच्या कितीतरी पट, आयुष्यही दांडगं, तरी हत्ती कॅन्सरने फारसे मरत नाहीत. २०१५ मध्ये त्याचं एक कारण पुढे आलं: माणसाकडे पी५३ चं एकच जनुक असतं, म्हणजे दोन प्रती, हत्तीकडे त्या जनुकाच्या वीस आवृत्त्या आहेत. डीएनए बिघडला की हत्तीची पेशी माणसाच्या पेशीपेक्षा लवकर स्वतःला संपवते.

म्हणून पी५३ वाढवायच्या कॅप्सूल घ्याव्यात का? नाही. हळदीतल्या कर्क्युमिनपासून हिरव्या चहापर्यंत अनेक पदार्थ काचेच्या बशीतल्या पेशींत पी५३ हलवतात. तेवढ्या मात्रेत ते तुमच्या रक्तात पोचत नाहीत. आणि एखादी कॅप्सूल खरोखरच पी५३ जोरात वाढवू लागली, तर तिची भीतीच वाटायला हवी. ज्या उंदरांत पी५३ कायम जास्त चालू ठेवलं, त्यांना गाठी कमी झाल्या, पण ते लवकर म्हातारे झाले. एमडीएम-२ अडवून पी५३ वाढवणारी खरी औषधं चाचण्यांमध्ये आहेत, आणि त्यांत रक्तातल्या प्लेटलेट घसरतात. शिवाय ज्या गाठीत पी५३ आधीच मोडलेलं आहे, तिथे ते वाढवून मोडकंच वाढणार. दुकानातल्या डबीवर 'जनुकीय संरक्षण' लिहिलेलं दिसलं तर पैसे खिशातच ठेवा.

वाढवता येत नाही, पण मोडण्यापासून वाचवता मात्र येतं, आणि आपल्या भागात त्याला फार महत्त्व आहे. कागलपासून निपाणी किती लांब? तंबाखूच्या पट्ट्यातच आपण राहतो. सकाळी तव्यावर भाजलेली मशेरी दाताला लावणाऱ्या बायका, खिशात चुन्याची डबी बाळगणारे पुरुष, गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असूनही लाल झालेली कॉलेजच्या पोरांची तोंडं. माझ्या टेबलावर तोंडाच्या बायोप्सी कधी आटत नाहीत. विडी-सिगारेटच्या धुरातलं बेंझोपायरीन शरीरात बदलतं आणि पी५३ जनुकातल्या ठरावीक जागांवर चिकटतं. १९९६ मध्ये असं दिसलं, की धूर जिथे चिकटतो त्याच जागांवर फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये बिघाड सापडतात. धूर आणि गाठ यांच्यातला इतका थेट पुरावा वैद्यकात क्वचितच मिळतो.

दुसरं, बुरशी लागलेले शेंगदाणे. दमट जागी साठवलेल्या भुईमुगावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन बनवते. ते यकृतात जाऊन पी५३ च्या २४९ व्या जागेवर नेमका एक बदल घडवतं, आणि सोबत हिपॅटायटिस बी असेल तर यकृताच्या कॅन्सरचा धोका अनेक पटींनी वाढतो. काळपट, सुरकुतलेले, कडवट लागणारे दाणे कुटात घालून संपवायची सवय असेल तर ती सोडा. भाजल्याने हे विष पुरतं जात नाही.

तिसरं, एचपीव्ही. हा विषाणू तुमच्या विषयातल्या दोन्ही मोठ्या जनुकांना एकदम हात घालतो. त्याचं ई६ हे प्रथिन पी५३ ला नष्ट करायला लावतं आणि ई७ आरबीला निकामी करतं. जनुकं शाबूत राहतात, त्यांची प्रथिनं मात्र पळवली जातात. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस या दोन्हींवर चालते. ९ ते १४ वयात दोन डोस. ट्यूमर सप्रेसर जनुकांना मदत करणारी 'गोळी' शोधत असाल तर घरातल्या पुतणी-भाचीसाठी ही सुई आहे.

आता आईंकडे येऊ. न्यूक्लिअर रिसेप्टर ही माणसात ४८ प्रथिनांची एक मोठी भावकी आहे. इतर बहुतेक संप्रेरकांचे रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असतात. हे आत असतात, आणि संप्रेरक त्यांना चिकटलं की ते थेट डीएनएवर बसून जनुकं चालू-बंद करतात. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिझोल, थायरॉइड, जीवनसत्त्व अ आणि ड, अगदी पित्तातले क्षार, या सगळ्यांचे रिसेप्टर याच भावकीतले. त्यांना स्वतःचं असं चांगलं-वाईट नसतं. कुठल्या ऊतीत, कुठल्या संप्रेरकासोबत आणि शेजारी कुठली प्रथिनं आहेत, त्यावर ते पेशीला 'वाढ' म्हणतील की 'शहाणी हो आणि थांब' म्हणतील, हे ठरतं.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर. निरोगी स्तनातही तो असतोच, थोड्या पेशींत. गंमत अशी, की तिथे ज्या पेशींत ईआर असतो त्या स्वतः सहसा विभागत नाहीत. त्या शेजारच्या पेशींना वाढीचा निरोप देतात. कॅन्सरमध्ये ही शिस्त मोडते: ईआर असलेली पेशी स्वतःच विभागू लागते. आईंच्या रिपोर्टमधल्या 'ईआर पॉझिटिव्ह'चा अर्थ संरक्षण आहे असा नव्हे. गाठ इस्ट्रोजेनवर जगते आहे आणि तिचा तो पुरवठा तोडता येतो, असा तो अर्थ. म्हणूनच उपचाराच्या दृष्टीने ती चांगली बातमी. पीआरची सोबत का पाहतात, तर पीआरचं जनुक चालू करतो तो ईआरच. पीआर उमटलं म्हणजे ईआर नुसता हजर नाही, कामावर आहे.

टॅमॉक्सिफेन ईआरच्या त्याच खोबणीत बसतं जिथे इस्ट्रोजेन बसतं. मात्र ते बसल्यावर रिसेप्टरचं एक टोक वेगळ्या दिशेला वळतं आणि जनुकं चालू करायला लागणारी साहाय्यक प्रथिनं तिथे येऊन बसू शकत नाहीत. हे स्तनात. गर्भाशयाच्या अस्तरात साहाय्यक प्रथिनांचा जमाव वेगळा असल्याने तीच गोळी थोडी इस्ट्रोजेनसारखी वागते आणि अस्तर वाढवते. आईंना पाळी थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, किंवा अवेळी जास्त अंगावर जाऊ लागलं, तर लगेच कळवायचं ते यासाठी. पोटरी सुजून दुखली किंवा अचानक दम लागला तरीही, कारण रक्ताच्या गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो.

तुमच्या प्रश्नातला 'रोखण्या'चा मुद्दा इथे उलटा फिरतो. अमेरिकेत धोका जास्त असलेल्या तेरा हजारांवर निरोगी स्त्रियांना टॅमॉक्सिफेन किंवा नुसती साखरेची गोळी देऊन चाचणी झाली. १९९८ मध्ये निकाल आला. स्तनाचा पसरणारा कॅन्सर जवळपास निम्म्याने घटला, आणि ती सगळी घट ईआर पॉझिटिव्ह प्रकारात होती. म्हणजे या एका अवयवात कॅन्सर रोखला तो रिसेप्टर बंद ठेवून.

आईंनी ही गोळी मधेच सोडू नये, यासाठी तुम्ही मागे लागा. 'ऑपरेशन झालं, गाठ गेली, आता कशाला?' हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. अंगातून वाफा येतात, घाम फुटतो, झोप मोडते, आणि दुसऱ्या वर्षी गोळी गुपचूप बंद होते. पाच वर्षं नीट घेतली तर पुढच्या १५ वर्षांत या कॅन्सरने मृत्यू येण्याचा धोका साधारण एक-तृतीयांशाने कमी होतो. एखाद्या गोळीकडून याहून जास्त काय मागायचं? वाफांसाठी किंवा मनासाठी दुसरं औषध सुरू करताना मात्र डॉक्टरांना टॅमॉक्सिफेनचं सांगा. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या गोळ्या यकृतातलं जे एन्झाइम अडवतात, तेच टॅमॉक्सिफेनला कामाचं रूप देतं.

तुमचे दोन्ही विषय जिथे एकमेकांत घुसतात ती जागा आता दाखवतो, मला तीच सगळ्यात आवडते. इस्ट्रोजेन ईआरवर बसलं की सायक्लिन डी-१ नावाचं प्रथिन वाढतं. ते सीडीके-४ आणि ६ या एन्झाइमांना जागं करतं. ही एन्झाइमं आरबीवर फॉस्फेट चिकटवतात आणि आरबीने धरून ठेवलेलं ई२एफ हे प्रथिन सुटतं. सुटलेलं ई२एफ डीएनएची नक्कल सुरू करायला लावतं. म्हणजे स्तनाच्या ईआर पॉझिटिव्ह गाठीत आरबी बऱ्याचदा मोडलेला नसतोच, रिसेप्टरच्या हुकमाने तो दाबून ठेवलेला असतो. पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब या गोळ्या सीडीके-४ आणि ६ ला अडवतात, आरबी मोकळा होतो आणि पेशी थांबते. २०१५ पासून पसरलेल्या रोगात त्या संप्रेरकविरोधी औषधाच्या जोडीला वापरात आल्या. शाबूत सप्रेसरला पुन्हा कामाला लावणं आज खरोखर जमतं ते असं. त्यासाठी आरबी शिल्लक असावा लागतो. तो मोडलेला असेल तर या महागड्या गोळ्या फुकट जातात.

मग न्यूक्लिअर रिसेप्टर कॅन्सर रोखतात हे कुठे खरं ठरतं? सगळ्यात स्वच्छ उदाहरण गर्भाशयाच्या अस्तराचं. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन आपल्या रिसेप्टरमार्फत त्याला लगाम घालतं. अंडं वर्षानुवर्षं वेळेवर सुटत नसेल, पाळी चार-चार महिने येत नसेल, तर प्रोजेस्टेरॉन मिळतच नाही आणि अस्तर बेसुमार वाढत कॅन्सरकडे जाऊ शकतं. लठ्ठपणात चरबीच इस्ट्रोजेन बनवते, त्याने भर पडते. पीसीओडीच्या मुलीला डॉक्टर पाळी यायच्या गोळ्या देतात तेव्हा घरचे 'संप्रेरकांची औषधं कशाला' म्हणून कुरकुरतात. त्यामागे हे कारण आहे.

दुसरं उदाहरण रक्ताचं, आणि ते आमच्या धंद्यात अंगावर येतं. तरुण माणूस, हिरड्यांतून रक्त, अंगावर काळे-निळे डाग. रक्ताच्या फिल्मवर मोठ्या पेशी, त्यांत काड्यांच्या जुडग्यासारख्या लालसर रेषा. हे दिसलं की रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबायचं नसतं, फोन उचलायचा असतो. अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. यात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि जीवनसत्त्व अ चा रिसेप्टर पीएमएल नावाच्या प्रथिनाला चिकटतो. हा रिसेप्टर एरवी रक्तपेशींना पक्व व्हायला लावतो. पीएमएल हा स्वतः सप्रेसर, पी५३ ला मदत करणारा. एका अपघातात दोन्ही बाजू लंगड्या. शांघायच्या वांग झेनयी यांनी १९८५ मध्ये अशा पेशंटला रेटिनॉइक आम्ल, म्हणजे जीवनसत्त्व अ चंच एक रूप, दिलं आणि पेशी मरण्याऐवजी पक्व झाल्या. पुढे त्याला आर्सेनिक ट्रायऑक्साइडची, म्हणजे आपल्या सोमलाची जोड मिळाली. आज या जोडीने कमी आणि मध्यम धोक्याचे दहापैकी नऊहून अधिक पेशंट बरे होतात, तेही नेहमीच्या केमोशिवाय. (सोमल म्हटल्यावर कुणी वैदूकडे धावू नये. हे मोजून शिरेतून देतात आणि वरचेवर हृदयाच्या पट्टीवर (ईसीजीवर) लक्ष ठेवून देतात.)

एवढं वाचून जीवनसत्त्व अ च्या गोळ्या खाव्यात असं वाटेल. तोच प्रयोग झाला आहे. फिनलंडमध्ये विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिलं, १९९४ मध्ये निकाल आला: फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला. अमेरिकेत कॅरोटीन आणि जीवनसत्त्व अ दोन्ही दिलं, तिथे २८ टक्क्यांनी वाढला आणि १९९६ मध्ये चाचणी मुदतीआधी बंद करावी लागली. जीवनसत्त्व ड चा रिसेप्टर प्रयोगशाळेत पी२१ चालू करतो, पेशी थांबवतो, सगळं छान दिसतं. पण पंचवीस हजारांहून जास्त लोकांना रोज २००० युनिट देऊन पाहिलं तेव्हा कॅन्सर होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. रक्तात ड कमी असेल तर हाडांसाठी जरूर घ्या.

उंदरांत आणखी पुरावे आहेत. पित्तक्षारांचा रिसेप्टर काढून टाकला तर यकृतात गाठी येतात, एनआर४ए गटातले दोन रिसेप्टर एकत्र काढले तर झपाट्याने रक्ताचा कॅन्सर होतो. म्हणजे ही भावकी रोखण्याचं काम करतेच. त्यातून माणसासाठी प्रतिबंधक गोळी अजून निघालेली नाही.

राहिला तपासणीचा प्रश्न, आणि मला विचाराल तर तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच होतं. आईंना ४६ व्या वर्षी स्तनाचा आणि त्यांच्या सख्ख्या बहिणीला अंडाशयाचा हाय-ग्रेड सिरस कॅन्सर, ही जोडी बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ कडे बोट दाखवते. ही दोन्ही ट्यूमर सप्रेसर जनुकं, डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर बिनचूक जोडणारी. बीआरसीए-१ मधल्या गाठी बहुतेकदा ईआर निगेटिव्ह असतात, बीआरसीए-२ मधल्या बहुतेकदा पॉझिटिव्ह. त्यामुळे माझा अंदाज दुसऱ्याकडे झुकतो, पण अंदाजावर काही ठरवायचं नसतं. बिघडलेली प्रत असलेल्या स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास असते. अंडाशयाचा धोका बीआरसीए-१ मध्ये चाळीसच्या पुढे, बीआरसीए-२ मध्ये सतरा टक्क्यांच्या जवळपास.

चाचणी तुमच्यापासून सुरू करू नका. आधी मावशींची करा, त्या नसतील तर आईंची. आजारी व्यक्तीत बिघाड सापडला तर तुमच्यात नेमका तोच शोधता येतो, आणि तो नाही निघाला तर 'नाही' या शब्दाला खरा अर्थ येतो. थेट तुमचीच केली आणि काही सापडलं नाही, तर घरात बिघाड आहे की नाही हे कळतच नाही. मावशींना याचा स्वतःसाठीही उपयोग आहे: बीआरसीए बिघडलेल्या गाठीवर ओलापॅरिबसारखी औषधं चालतात, कारण दुरुस्तीचा एक रस्ता आधीच बंद असतो आणि औषध दुसरा बंद करतं. एक नळी रक्त लागतं. रिपोर्टमध्ये कधीकधी 'अर्थ निश्चित नाही' असा बदल येतो. त्याच्यावरून कुणी ऑपरेशन सुचवलं तर थांबा आणि जनुकीय समुपदेशकाला दाखवा. टाटा मेमोरिअलकडे यासाठी वेगळा विभाग आहे, तिथे वंशावळ मांडून बोलतात.

तुमच्यात बिघाड निघालाच तर साधारण पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय, आणि मुलंबाळं झाल्यावर अंडाशय व नलिका काढून टाकण्याचा विचार, बीआरसीए-१ मध्ये ३५ ते ४० या वयात, बीआरसीए-२ मध्ये थोडा उशिरा. स्तनांचं काय करायचं हा प्रत्येकीचा स्वतंत्र निर्णय असतो, त्यात सासर-माहेरच्या बैठका भरवू नयेत.

भावाला यातून वगळू नका. 'बायकांचा आजार' म्हणून पुरुषांना बाजूला ठेवतात, पण आईंकडे बिघडलेली प्रत असेल तर त्यालाही ती मिळण्याची शक्यता निम्मी आहे. बीआरसीए-२ मध्ये पुरुषांना प्रोस्टेटचा आणि क्वचित स्तनाचा कॅन्सर होतो, आणि त्याच्या मुलींनाही ती प्रत जाऊ शकते. आईंना भाऊ असतील तर मामा आणि मामांच्या मुलीही याच हिशेबात येतात. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे म्हणून मुद्दाम सांगतो: दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असेल तर मुलाला दोन्ही बिघडलेल्या मिळू शकतात, आणि बीआरसीए-२ च्या बाबतीत त्यातून फॅन्कोनी अॅनिमिया हा लहानपणीचा गंभीर आजार होतो. लग्न ठरण्याआधी रक्त तपासलेलं बरं.

शेवटची गोष्ट माझ्या टेबलावरची. घरात पुन्हा कुणाची बायोप्सी झालीच, तर नमुना दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये ताबडतोब टाकलाय ना, हे विचारा. चंदगड-आजऱ्याकडून कधीकधी तुकडा सलाइनमध्ये बुडवून, एसटीने दुपारच्या उन्हात येतो. अशा तुकड्यात ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, आणि मग ज्या बाईला टॅमॉक्सिफेन मिळायला हवं तिला ते मिळत नाही. आईंच्या गाठीचा मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, उन्हापासून दूर जपून ठेवा. पुढे कधी नवी चाचणी करायची वेळ आली तर तोच लागेल.